द्राक्षबागेसाठी ड्रोन घ्यावा का? आधी पान उलटून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. निफाड तालुक्यात तीन एकर द्राक्ष, दोन एकर ऊस, बाकी सोयाबीन, मका आणि कांदा. तुम्ही स्वतः कृषी पदवीधर. गावात कंपनीने प्रात्यक्षिक दाखवलं, दहा लिटर टाकीचा ड्रोन सात मिनिटांत एक एकर फवारून परत आला, आणि ट्रॅक्टरनंतर शेतीत आलेली ही सगळ्यात मोठी क्रांती आहे असं विक्रेत्याने सांगितलं. अनुदान आहे, बँक कर्जाला तयार आहे, आणि स्वतःचं झालं की भाड्यानेही देता येईल. वडील म्हणतात थांब, भाऊ म्हणतो आत्ताच घे.

या वर्षी विकत घेऊ नका. ऊस, मका, सोयाबीन यांवर भाड्याने बोलवा आणि जरूर वापरा. द्राक्षावर मात्र त्याच्या भरवशावर राहू नका. पाठीवरच्या पंपापासून ब्लोअरपर्यंत (ट्रॅक्टरवरचं, पंख्याच्या झोताने फवारणारं यंत्र) फवारणी यंत्रांचं कॅलिब्रेशन करणं हा माझा व्यवसाय आहे, आणि ड्रोन आल्यापासून त्याचेही थेंब मोजतो. यंत्रावर माझा राग नाही. ते कुठे चालतं आणि कुठे नुसतं उडतं, हे वेगळं करून सांगायला कोणी तयार नसतं, तेवढं इथे सांगतो.

सात मिनिटांचा दावा खरा आहे, तो आधी मान्य करू. ड्रोनचा पट्टा साधारण चार मीटरचा पडतो आणि वेग सेकंदाला चार मीटरच्या आसपास असतो. म्हणजे सेकंदाला सोळा चौरस मीटर. एकर चार हजार चौरस मीटरचा, तेव्हा सव्वाचार मिनिटांत फवारणी आणि वळणं-परतीचा वेळ धरून सहा-सात मिनिटं. हिशोबात खोट नाही. प्रश्न पुढचा आहे: त्या सात मिनिटांत पिकावर पडलं किती? दहा लिटर चार हजार चौरस मीटरवर, म्हणजे चौरस मीटरला अडीच मिली. चहाचा अर्धा चमचा. तुमच्या बागेत पूर्ण पानोळा असताना ब्लोअरने एकरी चारशे लिटरच्या आसपास पाणी जातं, तिथे हाच आकडा शंभर मिली येतो.

यावर कंपनीचा माणूस सांगेल की ड्रोनचे थेंब बारीक असतात, त्यामुळे कमी पाण्यात जास्त जागा झाकली जाते. हेही खरं. थेंबाचा व्यास निम्मा केला की तेवढ्याच पाण्यातून आठपट थेंब होतात. ज्या पिकाचं पान आभाळाकडे तोंड करून उघडं असतं, तिथे हे गणित छान जमतं. द्राक्षाच्या मंडपात ते जमत नाही, आणि याचं कारण पाण्याच्या आकड्यात नसून पानाच्या खालच्या बाजूला आहे.

डाऊनीचं, म्हणजे केवडा रोगाचं उदाहरण घ्या, कारण ऑक्टोबर छाटणीनंतर तुमची झोप तोच उडवतो. डाऊनीचे बीजाणू पाण्याच्या पातळ थरात पोहत जातात आणि पानाच्या रंध्रांतून आत शिरतात. द्राक्षाच्या पानाची ही रंध्रं खालच्या बाजूला असतात. वरून तेलकट पिवळा डाग दिसतो तोवर खाली पांढरी बुरशी आलेली असते. मॅन्कोझेब किंवा ताम्रयुक्त अशी स्पर्शजन्य बुरशीनाशकं जिथे पडतील तिथेच काम करतात, म्हणून ती खालच्या बाजूला पोहोचायलाच हवीत. आता मंडप डोळ्यांसमोर आणा. डोक्याच्या उंचीवर तारांना बांधलेल्या काड्या, त्यावर पानांचं छप्पर, आणि घड त्याच्या खाली लोंबकळलेले. आपला ब्लोअर छपराखालून चालतो आणि वर मारतो. ड्रोन छपराच्या वरून जातो. उंटावरून शेळ्या हाकणे ही म्हण इथे शब्दशः लागू पडते.

विक्रेत्याचं याला उत्तर असतं पंख्यांच्या खालच्या वाऱ्याचं. पंख्यांच्या झोताने पानं उलटीपालटी होतात आणि थेंब खालून लागतात, असं सांगतात. मक्याची, सोयाबीनची मोकळी पानं हलतात, तिथे काही प्रमाणात असं होतंही. बांधलेल्या काड्यांच्या दाट मंडपात फार होत नाही. पण माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, पुढच्या प्रात्यक्षिकाला स्वतः तपासा. थेंब तपासायचे पिवळे कागद मिळतात. पाण्याचा थेंब पडला की तिथे निळा ठिपका उठतो. एका झाडावर आठ-दहा कागद लावा: काही पानांच्या वर, काही त्याच पानांच्या खाली, दोन घडांच्या मधे, एक खोडाजवळच्या सावलीतल्या पानाला. हात कोरडे ठेवा, नाहीतर बोटांच्या घामाचेच निळे ठसे उठतात. फवारणी झाली की पाच मिनिटांनी कागद काढून ओळीने मांडा. मी असे कागद मंडपात लावतो तेव्हा वरच्या पानांवरचे कागद निळ्या ठिपक्यांनी सुंदर भरलेले असतात, अगदी एकसारखे, ब्लोअरपेक्षाही एकसारखे. खालच्या बाजूचे कागद जवळजवळ जसे लावले तसे पिवळे निघतात, आणि घडांमधल्या कागदावर इकडे तिकडे चार ठिपके. प्रात्यक्षिक मोकळ्या मैदानावर साध्या पाण्याने का करतात, ते हे कागद हातात आल्यावर कळतं.

तुम्ही म्हणाल, मग आंतरप्रवाही औषध मारू, ते पानात शिरून फिरेल. फिरतं, पण पूर्ण नाही, आणि त्याची किंमत वेगळी द्यावी लागते. दर वेळी आंतरप्रवाहीच मारत राहिलात तर बुरशी त्याला सरावते, आणि काढणीपूर्व कालावधीचं (शेवटची फवारणी ते काढणी या अंतराचं) गणित आवळत जातं. निर्यातीचा माल असेल तर अपेडा या सरकारी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीतल्या नोंदणीपासून उर्वरित अंशाच्या तपासणीपर्यंत सगळं तुम्हाला ठाऊक आहे. यंत्राला झेपतं म्हणून औषध निवडायचं, हा उलटा कारभार झाला.

एक अपवाद सांगतो, कारण तो खरा आहे. छाटणीनंतर पोंगा किंवा दोडा या फुलोऱ्याआधीच्या अवस्थेत बाग उघडी असते, पानं मोजकी असतात. त्याच वेळी २०१९ सारखा ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस बसला आणि बागेत ट्रॅक्टर रुतू लागला, तर दोन दिवस हात बांधून बसण्यापेक्षा ड्रोनने एक आंतरप्रवाही फवारा मारून वेळ निभावणं शहाणपणाचं. पण ती आणीबाणीची सोय झाली. वर्षातून एकदोनदा लागणाऱ्या आणीबाणीसाठी सात लाखांचं यंत्र दारात बांधायचं कारण नाही.

आता कुठे चालतं ते. ऊस सहा महिन्यांचा झाला की आत शिरणारा माणूस स्वतःच्याच अंगावर औषध मारत असतो. पात्यांनी कापलेले हात आणि वर दहा फुटांचा पाला. उसात तांबेरा आला, पोक्का बोईंगसारखा बुरशीचा रोग दिसला, तर आजवर आपण बघत बसायचो. तिथे ड्रोन म्हणजे पूर्वी अजिबात न होणारी फवारणी होऊ लागली. या एका ठिकाणी ‘क्रांती’ म्हणायला माझी हरकत नाही. तूर फुलोऱ्यात येते तेव्हा डोक्याएवढी असते आणि घाटेअळी शेंड्याकडच्या फुलांवर, शेंगांवर असते, तिथेही चालतं. काळ्या रानात आठ दिवस झड लागली आणि सोयाबीनवर अळी चढली तर ट्रॅक्टर सोडा, माणसाचा पाय घोट्यापर्यंत जातो; तिथे चालतं. मक्याच्या पोंग्यात (मधल्या गुंडाळलेल्या पानांत) लष्करी अळी बसलेली असते आणि पोंगा वरून उघडा असतो, त्यामुळे वरून पडणारा थेंब बरोबर तिच्या घरात जातो. २०१८ मध्ये ही अळी देशात आल्यापासून वाकून वाकून पोंग्यात औषध मारणाऱ्यांच्या कमरेला विचारा. कांद्याचं मात्र अधलंमधलं आहे. पात उभी, मेणचट, आणि फुलकिडे पातीच्या बेचक्यात लपलेले. चिकटद्रव्य घालून थोडाफार फरक पडतो, पण गनने मारल्यासारखा निकाल मी पाहिलेला नाही.

ड्रोनच्या बाजूने सगळ्यात वजनदार मुद्दा मात्र पिकाचा नाही, माणसाचा आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीच्या वर गेली होती; माणूस झाडांच्या बोगद्यात उभा, आणि औषधाचा तुषार नाकातोंडासमोर. ड्रोन चालवणारा बांधावर, वाऱ्याच्या पाठीशी उभा राहतो. एवढ्या एका कारणासाठी विदर्भातल्या कपाशीत ड्रोन यावा असं मला मनापासून वाटतं. फक्त एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत: धोका संपत नाही, जागा बदलतो. एकरी औषधाची मात्रा तीच ठेवून पाणी दोनशे लिटरवरून दहा लिटरवर आणलं की द्रावण वीसपट तीव्र होतं. ते ढवळणारा, टाकीत ओतणारा, सांडलेलं पुसणारा मदतनीस दिवसातून वीस-वीस वेळा ते हाताळतो, आणि बहुतेक ठिकाणी त्याच्या हातात मोजेसुद्धा नसतात. पायलटचं प्रशिक्षण होतं. या पोराचं होत नाही.

याच तीव्र द्रावणाचा दुसरा ताप म्हणजे मिश्रण. एकरी चारशे ग्रॅमची भुकटी दोनशे लिटरमध्ये लीटरला दोन ग्रॅम पडते, कुणाच्या लक्षातही येत नाही. तीच दहा लिटरमध्ये लीटरला चाळीस ग्रॅम, म्हणजे जवळजवळ पातळ चिखल. गाळणी तुंबते, नोझल बसतात, अर्धी भुकटी टाकीच्या तळाला. त्यात आपल्याकडे दुकानदार कीटकनाशक, बुरशीनाशक, टॉनिक, विद्राव्य खत आणि वर सिलिकॉन असं पाच जणांचं कडबोळं करून देतो. दोनशे लिटरमध्ये ते खपून जातं. दहा लिटरमध्ये फाटलेल्या दुधासारखं होतं. म्हणून ड्रोन येण्याआधी त्याच प्रमाणात सगळं पारदर्शक बाटलीत मिसळा आणि अर्धा तास ठेवा. थर बसला, गुठळ्या झाल्या किंवा बाटली गरम लागली तर ते मिश्रण टाकीत घालायचं नाही. लेबलही वाचा. केंद्राने २०२२ मध्ये ४७७ कीडनाशकांना ड्रोनसाठी दोन वर्षांची तात्पुरती परवानगी दिली होती, पण नुसती परवानगी असणं वेगळं आणि तुमच्या पिकावर ड्रोनसाठी मात्रा व पाणी ठरवून दिलेलं असणं वेगळं. पिकाला चटका बसला तर भांडायला कागद लागतो.

आणि वारा. बारीक थेंबाचा जो गुण, तोच अवगुण. तुमच्याकडे ऊस आणि द्राक्ष शेजारी-शेजारी आहेत म्हणून हे मुद्दाम सांगतो. उसातल्या रुंद पानाच्या तणांसाठी २,४-डी हे तणनाशक मारतात. द्राक्षवेल आणि कपाशी या दोघींना त्याचा वाससुद्धा सोसत नाही. कोवळी पानं आक्रसून पंख्यासारखी होतात, शिरा जवळ येतात, कडा दातेरी होतात. तसं पान एकदा पाहिलं की विसरत नाही. ड्रोनने तणनाशक मारायचंच नाही, हा माझा नियम आहे, आणि भाड्याने येणाऱ्याला तुम्हीही तो घाला. शेजारी तुती असेल तर आणखी जपा. मराठवाड्यात सोयाबीनच्या शेजारी रेशीम उद्योग वाढलाय, आणि कीटकनाशकाचा पुसटसा अंश लागलेला पाला खाऊन रेशीमकिड्यांची अख्खी बॅच जाते. वरून फवारलेलं विष बांध ओळखत नाही हे केरळातल्या कासारगोडने पुरेसं दाखवलंय. तिथे काजूच्या बागांवर वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरने एंडोसल्फान मारलं जात होतं. युरोपीय संघाने २००९ च्या निर्देशात हवाई फवारणीला सरसकट मनाई केली आणि अपवाद ठेवले. त्या अपवादांत जर्मनीतल्या मोझेल खोऱ्याचे उभे चढ येतात, जिथे द्राक्षमळ्यात ट्रॅक्टर चढतच नाही. म्हणजे द्राक्षावर वरून फवारणी जगात होते. पण तिथल्या वेली उभ्या रांगांत असतात, आपल्यासारखं छप्पर नसतं, आणि पर्याय म्हणजे पाठीवर पंप घेऊन चढणं.

‘क्रांती’ या शब्दाबद्दल थोडं बोलतो. यामाहाने फवारणीचं बिनवैमानिक हेलिकॉप्टर, आर-५०, १९८७ मध्ये आणलं. आरमॅक्स १९९७ चं. चीनमध्ये डीजेआयचा एमजी-१ हा शेतीचा ड्रोन २०१५ च्या अखेरीस आला. म्हणजे कल्पना तुमच्यापेक्षा वयाने मोठी असेल. जपान आणि चीन दोन्हीकडे ती आधी भातात रुजली: सपाट खाचरं, एकसारखं पीक, चिखलात यंत्र बुडतं, आणि गावातली तरुण माणसं शहरात गेलेली. गरज आणि यंत्र यांची गाठ तिथे पडली. आपल्याकडे गोंदिया-भंडाऱ्यात किंवा कोकणातल्या भातात तीच गाठ पडू शकते. महाराष्ट्रातली सरासरी जमीनधारणा २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे १.३४ हेक्टर. तिचेही दोन-तीन तुकडे, बांधावर बाभळी, मधून गेलेली विजेची तार, कोपऱ्यात डीपी. मोकळ्या भात-खाचराचा वेग इथे मिळत नाही. प्रत्येक तीस गुंठ्यांच्या तुकड्याची हद्द नव्याने आखायची, यंत्र पिकअपमधून उतरवायचं, पाणी, जनरेटर, बॅटऱ्या मांडायच्या. हवेतली सात मिनिटं जमिनीवरच्या वीस मिनिटांवर उभी असतात. त्यात वाऱ्यामुळे सकाळचे चार तास आणि संध्याकाळचे दोन, एवढीच कामाची वेळ. दिवसाला तीस-चाळीस एकर हा माहितीपत्रकातला आकडा आहे. विखुरलेल्या गिऱ्हाइकांत पंधरा एकर झाले तर दिवस चांगला गेला म्हणायचं.

आपल्या गावांत फवारणीची खरी क्रांती होऊन गेली, आणि ती कुणी उद्घाटन न करता झाली. हाताच्या दांड्याचा पंप जाऊन पाठीवरचा बॅटरी पंप आला ती. कुणी झेंडा दाखवला नाही, अर्थसंकल्पात उल्लेख नाही, लाल किल्ल्यावरून घोषणा नाही. तीन-चार हजारांत मिळतो, परवाना लागत नाही, घरातल्या चार्जिंगवर चालतो, आणि बिघडला तर गावातला मोटार बांधणारा संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून देतो. ड्रोनचं याच्या उलट आहे. २०२२ च्या अर्थसंकल्पात ‘किसान ड्रोन’ आला, फेब्रुवारीत शंभर ड्रोनना एकदम झेंडा दाखवला गेला, २०२३ मध्ये पंधरा हजार महिला बचत गटांसाठी १,२६१ कोटींची ड्रोन दीदी योजना मंजूर झाली. योजनेला नावं ठेवत नाही. ज्या बाईला गावात कुणी ट्रॅक्टरला हात लावू देत नव्हतं तिच्या हातात रिमोट आला, याचं मोल वेगळं आहे. पण यंत्र वाटलं म्हणजे सेवा उभी राहिली असं होत नाही. कुणाकडे बॅटऱ्या फुगलेल्या, कुणाच्या ड्रोनची पंख्याची दांडी मोडून पडलेली, कुणाला गिऱ्हाईकच नाही, असे ड्रोन मी खोल्यांच्या कोपऱ्यांत झाकून ठेवलेले पाहिलेत. (त्याच्याबरोबर नॅनो युरिया खपवतात, तेही तपासून घ्या. सुरुवातीच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत चार टक्के नत्र होतं, म्हणजे वीस ग्रॅम. पंचेचाळीस किलोच्या गोणीत ते वीस किलोच्या वर असतं. गोणीला बाटली पर्याय, असं ऐकलं की एवढी वजाबाकी करावी.)

भाड्याच्या धंद्याचा हिशोब कागदावर मांडू. आकडे गृहीत धरलेले आहेत, तुमच्या कोटेशनप्रमाणे बदला. समजा संच सात लाखांचा आणि कृषी पदवीधराच्या अवजार केंद्रासाठीचं पन्नास टक्के, कमाल पाच लाखांचं अनुदान तुम्हाला मिळालं. उरले साडेतीन लाख, तीन वर्षांचं कर्ज, वर्षाचा हप्ता एक लाख छत्तीस-सदतीस हजार. (अनुदान बहुधा आधी खरेदी, मग खात्यात, या क्रमाने येतं. मधल्या महिन्यांचं व्याज कुणी धरत नाही, तुम्ही धरा.) एकरी दर पाचशे. वर्षात ऐंशी दिवस, दिवसाला पंधरा एकर, म्हणजे बाराशे एकर आणि सहा लाख रुपये. आता खर्च. भरल्या टाकीने एक एकर झाला की बॅटरीची जोडी संपते. जोडीचं आयुष्य तीनशे चार्जिंग आणि किंमत पंचेचाळीस हजार धरली तर एकरी दीडशे रुपये नुसती बॅटरी खाते. बाराशे एकरांचे एक लाख ऐंशी हजार. मदतनीस दिवसाला सहाशे, पेट्रोल आणि पिकअप दिवसाला आठशे, मिळून एक लाख बारा हजार. दुरुस्ती सत्तर हजार, विमा आणि किरकोळ पंचवीस. हातात राहिले दोन लाख तेरा हजार, त्यातून हप्ता वजा. वर्षभर पहाटे उठून उडवणाऱ्या तुमची मजुरी सुमारे पंच्याहत्तर हजार. हे सगळं बाराशे एकर मिळाले तर. सहाशेच मिळाले, तर शिल्लक ऐंशी हजारांच्या आसपास येते आणि हप्ता घरातून भरावा लागतो.

म्हणजे प्रश्न ड्रोन चांगला की वाईट असा उरतच नाही. तुमच्या पंचवीस किलोमीटरमध्ये बाराशे एकर ऊस, मका, सोयाबीन मागणी घेऊन उभे आहेत का, हा आहे. निफाडमध्ये ज्याच्या हातात पैसा आहे तो द्राक्षवाला, आणि त्याच्याकडे ब्लोअर आहे. ज्याला ड्रोनची खरी गरज आहे तो मका-सोयाबीनवाला, आणि पाचशे रुपये म्हटल्यावर तो दोनदा विचार करतो. साखर कारखाना किंवा शेतकरी उत्पादक कंपनी गटाने काम देत असेल, एका दमात सलग पन्नास एकर ऊस, तर चित्र पालटतं. उत्पादक कंपन्यांना शेतावरच्या प्रात्यक्षिकांसाठी अनुदानही पंचाहत्तर टक्के होतं. तुम्ही पायलट म्हणून त्यांच्याबरोबर उभे राहा. यंत्राचा धोका त्यांचा, कौशल्य तुमचं.

पायलटचं प्रमाणपत्र मात्र आत्ताच काढा, ते वाया जाणार नाही. डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) मान्य केलेल्या संस्थेतूनच घ्या, दहा वर्षं चालतं. त्याशिवाय उडवणं २०२१ च्या ड्रोन नियमांत बसत नाही, आणि तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमाही सक्तीचा आहे. तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट, जी विक्रेत्याने नक्कीच सांगितली नसेल: ओझरचा विमानतळ. विमानतळाच्या कुंपणापासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात दोनशे फुटांपर्यंत मोकळीक आहे, जी फवारणीला भरपूर झाली. पण ओझरला संरक्षण खात्याचाही वावर असल्यामुळे सरकारी नकाशावर तुमचा गट नंबर कुठल्या रंगात पडतो ते आधी बघा. निफाड आणि दिंडोरीचा काही भाग या वर्तुळांत येतो. ज्या गावांत उडवताच येणार नाही ती गावं वरच्या बाराशे एकरांतून वजा करा.

या खरिपात असं करा. मक्याच्या पोंग्यात आणि उसाच्या पाल्यात दोनदा भाड्याने ड्रोन बोलवा. शेताचा एक भाग नेहमीच्या पद्धतीने मारून वेगळा ठेवा, दोन्हीकडे पिवळे कागद लावा, आठ दिवसांनी दोन्हीकडच्या अळ्या मोजा. वडिलांना आणि भावाला दोघांनाही मोजायला घेऊन जा. द्राक्षात ड्रोनचा मोह झालाच, तर एक ओळ करून बघा, पण औषधाने नको, साध्या पाण्याने, आणि कागद खालच्या बाजूला लावून.

एवढं करूनही घ्यायचं ठरलं, तर कोटेशन मागताना किमतीआधी तीन गोष्टी लेखी घ्या. मोटार, पंखा आणि ईएससी (मोटारीचा वेग सांभाळणारा भाग) नाशिकमध्ये शिलकीत आहेत का. जुलै-ऑगस्टमध्ये यंत्र पडलं तर किती दिवसांत चालू होऊन मिळेल आणि तोवर बदली यंत्र देणार का. आणि बॅटरीची हमी महिन्यांत आहे की चार्जिंगच्या संख्येत, कारण बारा महिन्यांची हमी असलेली जोडी तुम्ही हंगामाच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांतच वापरून संपवलेली असू शकते. ‘चोवीस तासांत सर्व्हिस’ हे तोंडी सगळेच सांगतात. लेटरहेडवर किती जण लिहून देतात ते बघा.